विजेरीचा उजेड

मार्गशीर्षांतल्या एका सायंकाळीं आमच्या घरीं एक कागद आला आणि चार दिवस त्यानें घरांतल्या कोणासही सुखानें जेवूं दिलें नाहीं. कागद रक्ततपासणीचा होता. आमच्या पुतण्याची पत्नी तेव्हां तीन महिन्यांची गर्भवती. तिची ही पहिलीच खेप. एका प्रयोगशाळेनें गर्भवतींसाठीं तपासण्यांची एक लांबलचक यादी छापली होती, आणि बायकोच्या काळजीनें पुतण्यानें ती सगळीच्या सगळी पुरी करून घेतली. त्या यादींत 'टॉर्च' नांवाची एक तपासणी होती. आमच्या लहानपणीं टॉर्च म्हणजे विजेरी. रात्रीं परसांत जातांना हातीं घ्यावयाची. हा टॉर्च निराळा. टोक्सोप्लाझ्मा, 'इतर', रुबेला म्हणजे जर्मन गोवर, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची ही जुळणी आहे, आणि ती १९७१ सालीं आंद्रे नाह्मियास या अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञानें केली. गर्भस्थ अर्भकास मातेकडून होऊं शकणाऱ्या रोगांची आठवण वैद्यांस राहावी एवढाच तिचा मूळ उद्देश.

कागदावर दोन ओळी ठळक अक्षरांत होत्या. सायटोमेगॅलोव्हायरस, आयजीजी : पॉझिटिव्ह. हर्पिस सिंप्लेक्स एक व दोन, आयजीजी : पॉझिटिव्ह. खालीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा असें बारीक टायपांत एक वाक्य, आणि मग कोरा कागद.

वहिनींनीं तो आमच्या हातीं दिला. "भाऊजी, तुम्ही शिकलेले. काय लिहिलंय तें नीट वाचून सांगा."

आमचा अपराध येथूनच सुरू होतो. आम्ही संस्कृताचे मास्तर. शब्द दिसला कीं त्याचें मूळ खणावयाचें हें आमचें चाळीस वर्षांचें व्यसन. कोश काढला. 'हर्पिस' हा शब्द सरपटणें या अर्थाच्या 'हर्पेइन्' या ग्रीक धातूपासून निघालेला. ग्रीक भाषेंत शब्दारंभींच्या मूळ 'स'चा 'ह' होतो हें ध्यानीं घेतलें म्हणजे हा धातु आपल्या 'सृप्'चा सख्खा भाऊ ठरतो. त्याच 'सृप्'पासून आपला सर्प, त्याच्यापासूनच आयुर्वेदांतील विसर्प. आमच्या आनंदास पारावार उरला नाहीं. भर माजघरांत, सर्वांदेखत, आम्ही उद्गारलों कीं हा तर आपलाच सर्प! आणि त्या भरांत कोशांतली पुढली ओळही मोठ्यानें वाचून मोकळे झालों. या रोगाचा एक प्रकार स्त्रीपुरुषसंबंधांतून पसरतो, असें त्या ओळींत होतें. वाचून मान वर केली तों माजघर स्तब्ध झालेलें, आणि ती मुलगी उठून आंत गेलेली.

त्या रात्रीं वहिनींनीं तिचें ताट, वाटी, भांडें निराळें केलें. वहिनी दुष्ट नव्हेत. त्या भ्याल्या होत्या. "आमच्या घराण्यांत असलं कांहीं नाहीं," एवढेंच त्या दोनतीनदां म्हणाल्या. परंतु वाक्य जितकें थोडें तितकें तें खोल रुततें. पुतण्या गप्प झाला. त्याच्या मनांत काय आलें तें आम्ही विचारलें नाहीं. विचारण्याची गरजही नव्हती. तिसऱ्या दिवशीं ती मुलगी आमच्या खोलीच्या दारांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझ्या रक्ताचा अर्थ तुम्ही कोशांत कशाला शोधलात? डॉक्टरीणबाईंना विचारायचं कोणाच्या मनांत कसं आलं नाहीं?"

याला उत्तर नव्हतें. आम्ही कोश कपाटांत ठेवला, तिची क्षमा मागितली आणि चवथ्या दिवशीं सकाळीं तिला व पुतण्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलों. बाईंनीं कागद पाहिला आणि पहिला प्रश्न केला तो हा : "ही तपासणी सांगितली कोणीं?" कोणींच नाहीं, असें ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बाहेर बाकावर दहा बायका बसल्या आहेत. त्यांतल्या नऊ जणींचा सायटोमेगॅलोव्हायरसचा कागद असाच येईल. हर्पिसचाही पुष्कळ जणींचा येईल. माझाही येतो." मग त्यांनीं पाऊण तास खर्च करून आम्हांस जें समजावून दिलें, आणि पुढें दोन महिने आम्हीं स्वतः जें वाचलें, त्याचा सारांश प्रस्तुत लेखांत देण्याचा विचार आहे, कारण असा कागद आज ना उद्यां वाचकांपैकीं कोणाच्याही घरीं येण्यासारखा आहे.

माणसास होणारे हर्पिस कुळांतले विषाणु आज नऊ मानतात. ओठाच्या कडेला तापानंतर उठणाऱ्या पुटकुळ्यांचा विषाणु त्यांतला, आणि गुह्यभागीं फोड आणणारा त्याचा धाकटा भाऊही त्यांतलाच. कांजिण्या त्यांतल्या. ग्रंथिज्वराचा एपस्टाइन-बार, वर सांगितलेला सायटोमेगॅलो, लहान मुलांस तीन दिवसांचा ताप व पुरळ आणणारे एकदोन, असा हा परिवार. या सर्वांचा कुलाचार एक आहे : एकदां देहांत आले कीं जन्मभर जात नाहींत. गोवराचें तसें नाहीं. गोवर येतो, धुमाकूळ घालतो, आणि बरें झाल्यावर सहसा देहांतून नाहींसा होतो. मागें राहते ती आठवण. ही आठवण रक्तांत प्रतिपिंडांच्या रूपानें असते, आणि आयजीजी हें त्या जुन्या, टिकाऊ प्रतिपिंडांचें नांव आहे.

आमच्या धंद्यांतला दृष्टांत द्यावयाचा तर शाळेच्या जनरल रजिस्टराचा देतां येईल. त्यांत मुलाचें नांव आहे, याचा अर्थ तो केव्हांतरी शाळेंत दाखल झाला. केव्हां दाखल झाला, आज वर्गांत आहे कीं नाहीं, आणि असल्यास शेवटच्या बाकावर झोंप काढतो आहे कीं दंगा करतो आहे, हें जनरल रजिस्टरावरून कळावयाचें नाहीं. त्यासाठीं हजेरीपट पाहावा लागतो, आणि दंग्यासाठीं वर्गांतच जावें लागतें. हर्पिस कुळापुरता फरक एवढाच कीं, येथें शाळा सोडल्याचा दाखला कोणासही मिळालेला नाहीं. म्हणून रजिस्टरांत नांव दिसलें कीं मुलगा इमारतींत कोठेंतरी आहेच असें धरून चालावें. परंतु तो इमारतींत आहे म्हणून शाळेस आग लागली असें कोणी म्हणत नाहीं. आमच्या माजघरांत नेमकें तेंच म्हटलें गेलें होतें.

आतां कोणी विचारील कीं, रजिस्टर पाहण्यापेक्षां मुलालाच शोधून काढावा. तपासणी विषाणूचीच कां करूं नये? येथें या विषयाची खरी गंमत आहे. निरोगी माणसाच्या देहांत हा विषाणु अशा ठिकाणीं व इतक्या थोड्या प्रमाणांत लपलेला असतो कीं, त्यास जिवंतपणीं गांठणें हें बहुधा अशक्यच.

ओठावरल्या हर्पिसचें उदाहरण घ्या. त्याचें घर ओठांत नाहीं. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूची जी गांठ कवटीच्या तळाशीं असते, तिच्यांत आहे. विषाणु तेथें निजलेला असावा, असा तर्क गुडपाश्चर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२९ सालींच केला होता. परंतु गांठ काढून, वाटून, तींत शोधावें तर विषाणु सांपडत नसे. १९७१ सालीं स्टीव्हन्स आणि कुक या दोघांनीं बऱ्या झालेल्या उंदरांच्या मज्जागांठी काढल्या, पण वाटल्या नाहींत. त्या कांचपात्रांत पोषक द्रवांत जिवंत ठेवल्या. कांहीं दिवसांनीं त्यांतून विषाणु बाहेर पडूं लागला. लगोलग, १९७२-७३ च्या सुमारास, इतर कारणांनीं मरण पावलेल्या माणसांच्या गांठींतही हीच रीति लागू पडली. म्हणजे विषाणु मेलेला नव्हता, तयार स्थितींतही नव्हता. जन्मपत्रिका तेवढी शाबूत ठेवून निजला होता. मात्र ही तपासणी मृत्यूनंतरची. जिवंत माणसाच्या कवटींतली गांठ कापून कोण पाहणार? मग उरतें तें रक्त, आणि रक्तांतलें तें रजिस्टर. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालापुरता जो अंदाज केला आहे त्याप्रमाणें पन्नाशीच्या आंतील सुमारें ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शंभरांतल्या चौसष्टांच्या, अंगांत या हर्पिसचा पहिला प्रकार आहे. तो बहुतेकांस लाळेवाटे मिळतो, आणि पुष्कळांस लहानपणींच. आजी, मावशी, आत्या यांपैकीं कोणी गालाचा मुका घेतला एवढेंच निमित्त पुरतें. आमच्या घरीं आलेल्या कागदावर 'एक व दोन' मिळून एकच उत्तर छापलेलें होतें. अशा उत्तरावरून पहिला प्रकार कीं दुसरा हें कोणासही सांगतां येत नाहीं. आम्हीं मात्र तें भर माजघरांत सांगून टाकलें होतें!

कांजिण्यांची हकीकत आम्हांस आमच्याच बरगड्यांनीं शिकविली. आम्ही पांचही भावंडें एका वैशाखांत ओळीनें कांजिण्यांनीं पडलों होतों; उशाशीं कडुलिंबाच्या डहाळ्या ठेवलेल्या अजून आठवतात. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनीं डाव्या कुशीवर आग पेटल्यासारखें झालें आणि दोन दिवसांनीं पुटकुळ्यांचा पट्टा उमटला. आपल्याकडे यास नागीण म्हणतात, आणि तिचें तोंड व शेंपूट कमरेभोंवतीं जुळलें कीं माणूस दगावतो अशी भीति घालतात. नागीण देहाच्या एकाच बाजूस, एका मज्जातंतूच्या हद्दींत राहते. बहुधा मध्यरेषा ओलांडीत नाहीं. आणि जुळण्याची ती गोष्ट निखालस खोटी आहे. दुखणें मात्र खोटें नाहीं.

ही नागीण बाहेरून येत नाहीं. लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणु पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागांठींत निजलेला असतो आणि पुढें जागा होतो. हें पटवून देण्यांत होप-सिंप्सन या इंग्लंडांतील एका खेड्यापाड्यांच्या डॉक्टराचा वांटा मोठा. सायरन्सेस्टर गांवीं आपल्या दवाखान्यांत यानें १९४७ पासून १९६२ पर्यंत सोळा वर्षें आलेल्या प्रत्येक नागिणीची नोंद ठेवली. रोगी १९२ भरले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील येल या विरळ वस्तीच्या बेटावरही जाऊन त्यानें तेथील कांजिण्यांचा व नागिणीचा मागोवा घेतला. १९६५ सालीं त्यानें आपला सिद्धांत मांडला. विषाणु तेथेंच असतो, आणि शरीराची जरब कमी झाली, विशेषतः वय झालें, म्हणजे तो उठतो. प्रयोगशाळा नाहीं, यंत्र नाहीं. एक वही आणि सोळा वर्षांचा नेटकेपणा. आमच्यासारख्या जुन्या मास्तराचा ऊर यानें भरून येतो. मज्जागांठींत या विषाणूचें प्रत्यक्ष जनुकद्रव्य सांपडलें तें १९८३ सालीं, तेंही मृत्यूनंतरच्या तपासणींत. येथें एक चमत्कार लक्षांत घ्यावा. कांजिण्यांच्या बाबतींत गर्भवतीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' उमटलें तर तें समाधानाचें होय. गरोदरपणीं नव्यानें कांजिण्या होण्याचें मोठें भय तिला उरत नाहीं. एकच शब्द, एका ओळींत दिलासा आणि दुसऱ्या ओळींत रडारड!

एपस्टाइन-बार विषाणूची गोष्ट तर कादंबरींत शोभावी अशी आहे. लंडनच्या प्रयोगशाळेंत एपस्टाइन, अचोंग आणि बार यांनीं १९६४ सालीं तो प्रथम पाहिला, तो आफ्रिकेंतील मुलांच्या जबड्याच्या कर्करोगांत. पुढें अमेरिकेंत फिलाडेल्फियास वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हें दांपत्य रक्तांतले या विषाणूचे प्रतिपिंड शोधीत होतें. निरोगी माणसें तपासावीं तर बहुतेकांच्या रक्तांत ते आढळत. ज्यांच्या रक्तांत ते नव्हते अशा थोड्यांपैकीं एक होती त्यांच्याच प्रयोगशाळेंतली एक तरुण मदतनीस. १९६७ सालीं तिला ग्रंथिज्वर झाला. बरी होऊन ती कामावर आली तेव्हां तिचें रक्त तपासलें. आतां प्रतिपिंड हजर! ग्रंथिज्वराचें कारण अशा रीतीनें एका मुलीच्या 'पूर्वीं' आणि 'नंतर' या दोन थेंबांतून उलगडलें. आधींचें रक्त ठेवलेलें नसतें तर नंतरच्या 'पॉझिटिव्ह'वरून कांहींच कळलें नसतें, कारण तसे तर सगळेच पॉझिटिव्ह. आम्हांस वाटतें, या सबंध शास्त्राचें मर्म याच ठिकाणीं आहे.

हा विषाणु रक्तांतल्या 'बी' जातीच्या पांढऱ्या पेशींत निजतो. बॉस्टनच्या थॉर्ले-लॉसन यांच्या मंडळींनीं नव्वदीच्या दशकांत मोजदाद केली, तेव्हां निरोगी माणसाच्या दहा लाख बी-पेशींत एक ते पन्नास पेशी बाधित आढळल्या. आतां गणित करून पाहूं. एक मिलिलिटर रक्तांत बी-पेशी साधारण लाख-दोन लाख. म्हणजे एखाद्याच्या एका मिलिलिटरांत दहा बाधित पेशी सांपडतील, तर दुसऱ्याच्या दहा मिलिलिटरांत एखादीच. पी.सी.आर. नांवाच्या ज्या रीतीनें जनुकद्रव्याच्या एका प्रतीच्या कोट्यवधि प्रती करून ती ओळखतां येते, ती कितीही तीक्ष्ण असली तरी नळींत जें आलेंच नाहीं तें ती कोठून दाखविणार? सायटोमेगॅलोची तीच कथा. विषाणु बाळगणाऱ्या निरोगी लोकांच्या रक्तांत व अस्थिमज्जेंत दहा हजार ते पंचवीस हजार पेशींमागें एखादी बाधित असते, असें १९९९ सालीं दिसून आलें. म्हणून निरोगी माणसाच्या बाबतींत पी.सी.आर. निगेटिव्ह आली तर 'नाहीं' असें म्हणतां येत नाहीं; 'जागा दिसत नाहीं' एवढेंच म्हणतां येतें.

यावरून या तपासण्या निरर्थक आहेत असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. प्रश्न नीट विचारला तर त्याच रजिस्टरांतून मोठें उत्तर मिळतें. अमेरिकन सैन्यांत भरती झालेल्यांचें रक्त वेळोवेळीं घेऊन साठविण्याची चाल आहे. हार्वर्डच्या संशोधकांनीं एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी चाळून, ज्यांना पुढें मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा दारुण रोग जडला अशा ८०१ जणांचें जुनें रक्त बाहेर काढलें. त्यांतल्या पस्तीस जणांच्या पहिल्या नमुन्यांत एपस्टाइन-बारचे प्रतिपिंड नव्हते; रोग जडण्यापूर्वीं चौतिसांत ते उगवले. ही लागण झाल्यानंतर त्या रोगाचा धोका सुमारें बत्तीसपट वाढलेला दिसला. २०२२ सालीं हें प्रसिद्ध झालें. तथापि ज्या विषाणूनें शंभरांतल्या नव्वदांहून अधिक प्रौढांत घर केलें आहे त्यांतल्या फार थोड्यांना तो रोग होतो, हेंही त्याच दमांत सांगितलें पाहिजे. नाहीं तर वाचकांच्या माजघरांतही ताटें निराळीं व्हावयाचीं.

गर्भवतीच्या बाबतींत सायटोमेगॅलो हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, हें डॉक्टरीणबाईंनीं स्पष्ट बजावलें. गरोदरपणींच पहिली लागण झाली तर शंभरांत सुमारें तीस ते चाळीस वेळां ती अर्भकास पोंचते, आणि त्यांतल्या कांहींस जन्मतः अगर पुढें बहिरेपण येतें. लागण आधींचीच असेल तर हेंच प्रमाण शंभरांत एक-दीडपर्यंत उतरतें. शून्य होत नाहीं. म्हणून येथें खरा प्रश्न 'आहे कीं नाहीं' हा नसून 'केव्हांचा' हा आहे. त्याला साधी आयजीजी उत्तर देत नाहीं. आयजीएम हे ताजे प्रतिपिंड म्हणावेत, तर ते कधीं महिनोन्महिने रेंगाळतात, कधीं दुसऱ्याच कारणानें उमटतात. अशा वेळीं ॲव्हिडिटी नांवाची आणखी एक परीक्षा करतात. प्रतिपिंड जितका जुना तितकी त्याची विषाणूवरली पकड घट्ट. पकड सैल असेल तर लागण गेल्या तीन-चार महिन्यांतली असण्याचा संभव. आमच्या सुनेच्या रक्तांत आयजीएम नव्हते, आणि ॲव्हिडिटी घट्ट निघाली. लागण जुनी होती. बहुधा तिच्या स्वतःच्या बाळपणाची.

लहान मुलांच्या लाळेंतून व मुतांतून हा विषाणु महिनोन्महिने बाहेर पडतो. घरांत आमचा तीन वर्षांचा नातू आहे. त्याचें तोंड पुसल्यावर, लंगोट बदलल्यावर हात साबणानें धुवावेत आणि त्याच्या पानांतलें उरलेलें आपण संपवूं नये, एवढें पथ्य बाईंनीं सांगितलें. उष्ट्याखरकट्याचे नियम करणाऱ्या आमच्या पूर्वजांस विषाणु ठाऊक होते असें म्हणण्याचा मोह येथें अनावर होतो. आम्ही तो आवरतों. त्यांना ठाऊक नव्हते. आणि त्याच पूर्वजांच्या घरांत आज्या नातवंडांना घांस चावून भरवीत.

या कुळांतला एक विषाणु तर लपण्याच्या कलेंत सर्वांवर ताण करतो. सहावा मानवी हर्पिस हा क्वचित् गुणसूत्राच्या अगदीं टोकाशीं स्वतःला जोडून घेतो. आणि जोडणी बीजपेशींत झाली असेल तर तो बापाकडून अगर आईकडून मुलांस वारशानें जातो. जगांत शंभरांत सुमारें एका माणसाच्या प्रत्येक पेशींत, केंसाच्या मुळांत आणि नखांतसुद्धां, ही वडिलोपार्जित प्रत असते. अशा धडधाकट माणसाच्या रक्ताची पी.सी.आर. केली तर विषाणूच्या लाखों प्रती दिसतात. ठाऊक नसलेला वैद्य घाबरून औषध सुरू करतो, आणि आंकडा कांहीं उतरत नाहीं. उतरावयाला तो रोग नाहींच. शेजारच्याच्या रक्तांत कांहीं सांपडत नाहीं म्हणून रजिस्टर पाहावें लागतें, आणि याच्या रक्तांत इतकें सांपडतें कीं आंकड्यावरच विश्वास ठेवतां येत नाहीं.

विषाणु केव्हां जागा होतो हेंही निरोगी माणसांतच पाहिलें गेलें आहे, आणि तेंही अंतराळांत. अमेरिकेच्या नासा संस्थेनें अंतराळवीरांची लाळ व लघवी तपासली. अल्प मुदतीच्या उड्डाणांतील ८९ पैकीं ४७ जणांत आणि अंतराळस्थानकावर दीर्घकाळ राहिलेल्या २३ पैकीं १४ जणांत या कुळांतला एखादा तरी विषाणु बाहेर पडत असल्याचें आढळलें. हे आंकडे २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. बहुतेकांस कसलाही त्रास नव्हता. निवडून घेतलेल्या, पृथ्वीवरल्या सर्वांत धट्ट्याकट्ट्या माणसांची ही गत; मग परीक्षेच्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर पुटकुळ्या उठत यांत नवल तें काय?

मग सर्वांनींच रक्त तपासून घ्यावें काय? एकाची मूत्रपिंडें दुसऱ्यास बसवावयाचीं असतील तर देणारा व घेणारा या दोघांचेंही सायटोमेगॅलोचें रजिस्टर पाहिलेंच पाहिजे. देणारा पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह ही जोडी विशेष जोखमीची. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकास रक्त द्यावयाचें तर त्यांतल्या पांढऱ्या पेशी गाळून काढतात, अगर निगेटिव्ह दात्याचें रक्त वापरतात. परंतु ज्यास कांहीं होत नाहीं अशा माणसानें हौसेनें तपासणी करावी याला आधार नाहीं. जननेंद्रियांच्या हर्पिसपुरतें तर अमेरिकेंतील प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञमंडळानें २०१६ सालीं व पुन्हां २०२३ सालीं सांगितलें कीं, लक्षणें नसलेल्या प्रौढांची, गर्भवतींचीही, अशी सरसकट रक्ततपासणी करूं नये. खोटीं उत्तरें पुष्कळ येतात आणि त्यांपासून होणारा मनस्ताप खरा असतो. प्रत्यक्ष फोड आले, विशेषतः प्रसूतीच्या सुमारास आले, तर मात्र लाज न धरतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. ज्या प्रयोगशाळेनें आम्हांस यादी विकली तिला ही गोष्ट ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. बिल मात्र तिनें बिनचूक केलें होतें.

हें सर्व आम्हीं घरीं येऊन सांगितलें. दादांस पटलें. वहिनींस पटेना. "तुम्ही काय, तेव्हां कोश वाचलात, आतां डॉक्टरणीचं ऐकून आलात," असें त्या म्हणाल्या, आणि त्यांत त्यांचें फारसें चुकलें असें आम्हांस म्हणवेना. तेव्हां आम्हीं एक मूर्खपणा जाणूनबुजून केला. तपासणी निरुपयोगी आहे हें ठरविण्यासाठीं तीच तपासणी आमची, वहिनींची, दादांची आणि पुतण्याची अशी चौघांची पदरच्या पैशांनीं करविली. डॉक्टरीणबाईंनीं कपाळास हात लावला.

कागद आले. सायटोमेगॅलो चौघांचाही पॉझिटिव्ह. हर्पिस पुतण्याचा पॉझिटिव्ह, आमचा पॉझिटिव्ह, आणि वहिनींचा पॉझिटिव्ह. दादांचा तेवढा निगेटिव्ह. वहिनींनीं आपला कागद दोनदां वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि घडी करून देवघरांतल्या फडताळांत ठेवला. सायंकाळीं निराळें केलेलें तें ताट त्यांनीं स्वतः चिंचेनें घांसलें आणि मांडणींत इतरांच्या ताटांत मिसळून टाकलें. सुनेशीं त्या त्याविषयीं एक अक्षर बोलल्या नाहींत. पण त्या रात्रीं तिच्या केंसांस तेल लावीत बसलेल्या आम्हीं पाहिल्या.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पानें मांडलीं. सून सर्वांच्या पंक्तींत बसली. दादा मात्र आपल्या पाटाशीं उभेच. "काय गं," ते वहिनींस म्हणाले, "या घरांत आतां सोवळा असा मी एकटाच उरलों. माझं ताट निराळं मांडतेस ना?"

पुतण्याला ठसका लागला. ती मुलगी पदर तोंडाशीं धरून हंसूं लागली. त्या कागदानंतर आम्हांस ती प्रथमच हंसतांना दिसली. वहिनींनीं वर न पाहतां दादांच्या पानावर भाताची मूद घातली.

"बसा आधीं," त्या म्हणाल्या. "भात निवतोय."